मर्यादा सैल होतात, तशा सरकतातही

‘पूर्वी काहीही छापता येत असे, आता लोक लगेच दुखावतात’ हे अनेकदा मांडले जाणारे मत मला अपुरे वाटते, कारण लेखनावरील मर्यादा एकाच दिशेने बदलत नाहीत. १८६८ च्या हिकलिन खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने, ज्यांचे मन वाईट प्रभावाला सहज बळी पडू शकते अशा वाचकाला मजकूर बिघडवेल का, ही अश्लीलतेची कसोटी ठरवली आणि तिच्या आधारे पुढे सुट्या उताऱ्यांवरूनही पुस्तके दोषी ठरू लागली. सर्वांत दुबळा वाचक कल्पून सर्वांचे वाचन ठरवणे मला तेव्हाइतकेच आजही अन्याय्य वाटते. इंग्लंडमध्ये १९५९ च्या कायद्याने संपूर्ण कृतीचा विचार आवश्यक केला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९६४ मध्ये हिकलिनची कसोटी मान्य केली आणि २०१४ मध्ये ती सोडून समकालीन समाजाचे निकष स्वीकारले. हे पाऊल स्वागतार्ह असले, तरी समाज म्हणजे बहुसंख्य असा अर्थ घेतला गेला, तर एकाकी लेखकाला त्याचा फारसा आधार उरत नाही.

धर्माबाबतही इंग्लंडने २००८ मध्ये ईशनिंदेचा गुन्हा रद्द केला, पण त्याआधी २००६ मध्येच धार्मिक द्वेष चेतवण्याविरुद्ध कायदा केला होता आणि त्यात टीका, उपहास व अवमान यांना स्पष्ट संरक्षण दिले होते. श्रद्धेची चिकित्सा आणि माणसांविरुद्धची चिथावणी यांत केलेला हा भेद मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि आपली चर्चा दुखावलेपणाऐवजी त्यावर व्हावी, असा माझा आग्रह आहे.