मदत हवी आहे: २९व्या आठवड्यात जन्मलेली मुलगी, आता साडेपाच वर्षांची, नीट झोपत नाही आणि दिवसभर रडवेली असते

नमस्कार, आम्ही ऐरोलीत राहतो. लेक २९व्या आठवड्यात झाली, वजन ११५० ग्रॅम, ५४ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती. डोळे, कान, वाढ सगळ्या तपासण्या वेळच्या वेळी झाल्या आणि सगळं ठीक आहे, त्यामुळे कुणाला सांगायला गेलं की "आता कसली काळजी, खेळतेय की छान" एवढंच ऐकायला मिळतं.

साडेनऊला लाईट घालवते पण झोपायला अकरा वाजतात. "आई पाय चोळ ना, पायात कसंतरी होतंय" हे रोजचं, चोळत असते तोवर शांत, हात थांबला की परत पाय आपटायला लागते. झोप लागली तरी सारखी कूस बदलते, डोकं मागे टाकून तोंड उघडं, घोरते, आणि एसी असूनही मान घामाने ओली. अडीचच्या सुमारास रडत उठते. सहाला उठवावंच लागतं कारण ६:५० ची स्कूल बस, म्हणजे जेमतेम सात तास.

मग दिवसभर छोट्या छोट्या गोष्टींवरून रडू. परवा मोज्याची शिवण अंगठ्याला टोचते म्हणून पायरीवर बसून इतकी रडली की बस गेली. टीचर म्हणतात लक्ष नसतं, मुलांत मिसळत नाही. त्यात ती २० डिसेंबरची, तारीख मार्चची होती, म्हणजे वेळेवर झाली असती तर आत्ता सीनियर केजीत असती, ३१ डिसेंबरच्या कटऑफमुळे पहिलीत सगळ्यात लहान आहे. हे शाळेला सांगितलं तर उगाच लेबल लागेल का, तेही कळत नाही.

अजून एक, हे घरातही कुणाला बोलले नाहीये. एनआयसीयूत ती मधेच श्वास घ्यायची थांबायची, मॉनिटर वाजायचा, नर्स तळपायाला टिचकी मारायची. तेव्हापासून मी रोज रात्री उठून तिच्या नाकाखाली बोट धरते, आज साडेपाच वर्षं झाली तरी. माझ्यामुळेच तिची झोप मोडतेय का? सासूबाई मायेने मीठमोहरी ओवाळतात, नवरा म्हणतो मोठी झाली की जाईल. झोप नाही म्हणून रडते की मनात भीती आहे म्हणून झोपत नाही? आणि सुरुवात कुठून करू, ईएनटी, बालरोगतज्ज्ञ की काउन्सेलर?

प्रतिसाद १
ताई, माझी जुळी ३१ आठवड्यांची, आता नऊ वर्षांची आहेत, आम्ही ठाण्यात कोलशेतला. पायांचं वाचून लगेच लिहायला बसले. बाळाला आईकडून लोह मिळतं ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, आपल्या मुलांचे तेच महिने हुकलेले असतात. लोहाचा साठा कमी असला की पाय असे वळवळू शकतात. एचबी नॉर्मल असूनही साठा कमी असू शकतो, म्हणून डॉक्टरांना फेरिटिनबद्दल (लोहाचा साठा दाखवणारी रक्ताची टेस्ट) वेगळं विचारा. ताप-सर्दी असताना ती टेस्ट करू नका, आकडा जास्त येतो. आणि टॉनिक मनाने सुरू करू नका प्लीज, लोह जास्तही होतं.

घोरणं, तोंडाने श्वास, घाम यासाठी ईएनटी, अॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूची गाठ) बघतील. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत झोपेत श्वास अडकण्याचा त्रास जास्त दिसतो. ती गाढ झोपेत असताना टीशर्ट वर करून छाती-पोट दिसेल असा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, ओपीडीत सांगून जे कळत नाही ते त्यात दिसतं. मधेच श्वास थांबताना दिसला तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. झोप सुधारली की रडणं बरंच कमी होऊ शकतं, पण लक्ष नसणं आणि घाबरणं अशा मुलांत वेगळंही असतं, म्हणून डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियनला (मुलांच्या विकासाचे, वागण्याचे प्रश्न बघणारे बालरोगतज्ज्ञ) दाखवाच. शाळेला नक्की सांगा. आम्ही दोन वर्षं लपवलं आणि तेवढा काळ पोरं "हट्टी" म्हणून ओरडा खात राहिली.

प्रतिसाद २
बोटाबद्दल. मीही करायचे. आता दारातच उभी राहते, पोट वरखाली होताना दिसलं की परत येते. हात लावत नाही. काउन्सेलरकडे मी स्वतःसाठी गेले होते ताई, तुम्हीही जा.

मूळ लेखिका
खूप खूप आभार. फेरिटिन कधीच केलेलं नाही, फाईल काढून बघितली, फक्त एचबी आहे. सोमवारी डॉक्टरांकडे जातेय. व्हिडिओ आज रात्रीच काढते. आणि आज दारातूनच बघेन.