‘दुय्यम’ नको, मग काय?

मृण्मयी
अमेरिकी सैन्यातल्या समाजकार्यकर्त्यांवरचं (सोशल वर्करांवरचं) पुस्तकातलं एक प्रकरण मराठीत आणतेय. लढाईवरून परतलेल्यांचं ऐकता ऐकता यांचीच झोप उडते, न पाहिलेली दृश्यं स्वप्नात येतात. ‘सेकंडरी ट्रॉमॅटिक स्ट्रेस’ला मी ‘दुय्यम आघातजन्य ताण’ लिहिलं. माझी वहिनी तिकडे हेच काम करते. तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, “म्हणजे आमचा ताण दुय्यम दर्जाचा का गं?” तिथेच अडलेय.

सातारकर
दुय्यम काढाच. एक तर फारसीतून आलेला, त्यात कमीपणा. ‘परोक्ष आघात’ म्हणा. परोक्ष म्हणजे डोळ्याआड. यांनी पाहिलेलं नसतंच काही.

चुलीपाशी
फारसी म्हणून काढायचं तर ‘शिपाई’ही जाईल, दादा. शिवाय ‘माझ्या परोक्ष’ म्हणजे मी नसताना. ही माणसं तर समोर बसून ऐकतात. आमच्याकडे ‘झळ’ म्हणतात. जळतात लाकडं, पण भाकरी भाजणारीचा हात पोळतो.

मृण्मयी
‘झळ’ हा शब्द मनाला भिडला. पण हा ताण मोजायची ब्राइड आणि सहकाऱ्यांची २००४ची १७ विधानांची मापनपट्टी आहे, तिच्या नावात तो कसा बसवू? स्वतः आघात सोसलेल्यांच्या ताणाला (पीटीएसडी) ‘आघातोत्तर ताण’ रुळलाय, त्याच्याशी नातं दिसायला हवं.

जुना कोश
ट्रॉमा म्हणजे ग्रीकमध्ये जखम. आघात हा नुसता मार झाला. ‘घाव’ त्याच ‘घाता’तून आला आणि त्यात मार नि जखम दोन्ही मावतात.

सातारकर
आजोबा १९७१च्या लढाईवरून आले ते रात्री ओरडत उठायचे. आजीनं सीमा कधी पाहिली नाही, पण विमानाचा आवाज आला की ती कंदील विझवायची. गाव म्हणायचं, हिनं धसका घेतलाय. ‘धसका’ घ्या.
आणि ‘समाजकार्यकर्ता’ का? सरकारी रुग्णालयात ‘समाजसेवा अधीक्षक’ असतात. ‘समाजसेवक’ म्हणा.

चुलीपाशी
मुळीच नको. सेवा म्हटलं की पगार मागणंही वाईट दिसतं. पहिल्या महायुद्धात शेलशॉक झालेल्या, म्हणजे लढाईनं मन हादरलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात १९१८ साली या कामाचं प्रशिक्षण सुरू झालं. शिकून करायचं काम आहे हे.

जुना कोश
पण ‘कार्यकर्ता’ म्हटलं की मोर्चा नि झेंडा आठवतो. आणि बाईला काय म्हणणार, समाजकार्यकर्ती?

चुलीपाशी
का नाही? अभिनेत्री चालते ना?