मदत हवी आहे: तुरटीचं नेमकं प्रमाण किती?

तोंड आलं की तुरटीच्या गुळण्या, दाढीनंतर तुरटीचा खडा आणि पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी, असे तिन्ही वापर घरात चालतात. प्रमाण विचारलं तर 'चिमूटभर' आणि 'दोन वेढे फिरव' एवढंच उत्तर मिळतं. गुळण्यांना भाजलेली तुरटी जास्त चांगली का? घरात 8 वर्षांचं मूल आहे आणि मूत्रपिंडाचा आजार असलेले आजोबाही. त्यांना चालेल का?

प्रतिसाद 1
गुळण्यांसाठी 200 मिली कोमट पाण्यात कच्च्या तुरटीची पूड सपाट पाव चहाचा चमचा, म्हणजे साधारण 1 ग्रॅम. पूर्ण विरघळू द्या. अर्धा मिनिट तोंडात खळखळवून थुंकायचं, गिळायचं नाही. दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस पुरे. जास्त घट्ट केलं की तोंड कोरडं पडतं आणि व्रण आणखी झोंबतो. कोरडी पूड व्रणावर दाबणं तर टाळाच.

भाजलेल्या तुरटीचं प्रमाण वेगळं. कच्च्या तुरटीच्या वजनात जवळजवळ 45 टक्के पाणी असतं. तव्यावर ती वितळते, फसफसते आणि पांढरी लाही होते, तेव्हा ते पाणी उडून जातं. त्यामुळे तेवढ्याच वजनाची लाही दुपटीच्या आसपास तीव्र पडते, शिवाय सावकाश विरघळते. गुळण्यांना कच्चीच बरी.

मुलाला न गिळता थुंकता येत असेल तरच द्या. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, विशेषतः तंबाखू-सुपारी खाणाऱ्याचा, दंतवैद्यांना दाखवायलाच हवा.

प्रतिसाद 2
पाण्याचं सांगतो. खडा फिरवण्यात माप राहत नाही. 20 लिटरला अर्धा ग्रॅमच्या आत पूड लागते. ती आधी कपभर पाण्यात विरघळवा, हंड्यात ओता, एक मिनिट जोरात आणि मग पाच मिनिटं अगदी हळू ढवळा. दीड-दोन तास हलवू नका. वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात काढा, तळचा गाळ ढवळला जाऊ देऊ नका.

इथे एक गैरसमज जीवावर बेतू शकतो: निवळलेलं पाणी निर्जंतुक नसतं. तुरटी मातीचे कण एकत्र आणून खाली बसवते, सोबत काही जंतू जातात, सगळे नाही. नंतर उकळी आणा किंवा पिण्याच्या पाण्याचं क्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात घाला.

मूळ प्रश्नकर्ती
धन्यवाद. कधीकधी तुरटी घालूनही पाणी निवळत नाही. आणखी घालू का?

प्रतिसाद 2
नको. जास्त झाली की पाणी आंबट होतं, गुठळ्याच धरत नाहीत आणि ॲल्युमिनियम पाण्यात विरघळलेलं राहतं. बहुतेकदा हळू ढवळणं कमी पडलेलं असतं. मुळात स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात तुरटी घालूच नका.

आजोबांना तुरटीचं पाणी पिण्यासाठी नको, गुळण्याही डॉक्टरांना विचारूनच. निकामी होत चाललेलं मूत्रपिंड ॲल्युमिनियम नीट बाहेर टाकू शकत नाही, ते हाडांत आणि मेंदूत साठतं. त्यांच्यासाठी पाणी गाळून, उकळून वेगळं ठेवा.

प्रतिसाद 3
दाढीचं राहिलं. खडा ओला करून ओल्या त्वचेवर हलका फिरवा आणि मिनिटभराने धुवा. तुरटीने रक्तातली प्रथिनं साकळतात, म्हणून ओरखडे लगेच थांबतात. खोल कापलं असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबा, तिथे तुरटी नको. खडा प्रत्येकाचा वेगळा हवा. सलूनमध्ये सगळ्यांना एकच खडा लावत असतील तर नाही म्हणा, रक्तातून कावीळ 'ब' पसरते.