टाऊनशिपमधील दुकानांच्या पाट्यांचे नियम नव्याने लिहिताना काय ठेवावे आणि काय वगळावे?

शेवंती (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी मध्य न्यू जर्सीतील एका उपनगरी टाऊनशिपमध्ये (म्हणजे नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत) राहते. तेथील दुकानांच्या पाट्यांचे नियम सुधारण्यासाठी नागरिकांची एक समिती नेमली आहे आणि मी तिची सदस्य आहे. सध्याचे नियम 1980 च्या दशकातले आहेत. त्या वेळी मुख्य रस्त्यावर बँक, औषधांचे दुकान आणि पेट्रोल पंप एवढाच पसारा होता. आज त्याच रस्त्यावर एकाला लागून एक स्ट्रिप मॉल (पुढे पार्किंग असलेल्या दुकानांच्या रांगा) उभे आहेत, आणि किराणा, मिठाई, दागिने, गणिताच्या शिकवण्या, नृत्यवर्ग, दातांचे दवाखाने असे सगळे तेथे आहे. त्यांतील निम्म्याहून अधिक दुकाने आपल्याकडच्या, म्हणजे भारतीय उपखंडातल्या, लोकांची आहेत.

रहिवाशांच्या तक्रारी प्रामुख्याने काचांच्या कडेने लावलेल्या लुकलुकणाऱ्या एलईडी पट्ट्या, संपूर्ण काच झाकणारी पोस्टरे आणि रस्त्यालगतच्या हिरवळीत रोवलेले पिसाच्या आकाराचे उंच झेंडे यांविषयी आहेत. शिवाय एका मॉलच्या मालकाला मजकूर बदलणारा डिजिटल फलक लावायचा आहे.

सल्लागाराने दिलेल्या मसुद्यात तात्पुरत्या फलकांचे उद्घाटनाचे, घरविक्रीचे, निवडणुकीचे, धार्मिक कार्यक्रमांचे, गॅरेज सेलचे असे प्रकार पाडले असून प्रत्येकासाठी वेगळे आकारमान आणि वेगळी मुदत ठरवली आहे. मला ही वर्गवारी वाचायला सोपी वाटली, परंतु ती न्यायालयात टिकेल का, हे कळत नाही. दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. प्रत्येक पाटीचा किमान अर्धा भाग इंग्रजीत असावा, अन्यथा अग्निशमन दलाला दुकान सापडणार नाही, असे एका सदस्याचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण बैठकीत केवळ नाराजी व्यक्त करून भागणार नाही, मुद्दा हवा. तिसरे असे की, नव्या नियमांत न बसणाऱ्या जुन्या पाट्या काही वर्षांत उतरवायला लावता येतील का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तळटीप

शेवंतीताई, मी याच राज्यात जमीनवापराच्या कायद्याचे काम करतो. येथे लिहितो आहे तो वकिली सल्ला समजू नये. तो टाऊनशिपच्या वकिलांकडूनच घ्यावा.

तुमच्या सल्लागाराचा मसुदा ज्या धाटणीचा आहे, त्या धाटणीचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली ‘रीड विरुद्ध टाऊन ऑफ गिल्बर्ट’ या खटल्यात रद्द केला. गिल्बर्ट हे ॲरिझोनातील फिनिक्सचे उपनगर. तेथे निवडणुकीच्या फलकाला काही ठिकाणी 32 चौरस फुटांपर्यंत आणि वैचारिक मजकुराच्या फलकाला 20 चौरस फुटांपर्यंत मुभा होती. मात्र एका लहानशा चर्चला आपल्या प्रार्थनेचे ठिकाण सांगणारा दिशादर्शक फलक जेमतेम 6 चौरस फुटांचा, आणि तोही मोजके तासच, लावता येत असे. कोणता नियम लागू होतो हे ठरवण्यासाठी अधिकाऱ्याला फलकावरचा मजकूर वाचावा लागत असेल, तर तो नियम मजकुरावर आधारलेला आहे आणि त्याला सर्वांत कडक कसोटी लागते, असा त्या निकालाचा आशय आहे. निकालाच्या फलिताबद्दल नऊही न्यायमूर्तींचे एकमत होते. 2022 मध्ये ऑस्टिन शहराच्या खटल्यात न्यायालयाने ही कसोटी थोडी सैल केली आणि फलक ज्या जागेवर आहे तेथल्याच व्यवसायाचा आहे की अन्यत्रचा, एवढा भेद करणे म्हणजे मजकुरावर नियंत्रण नव्हे, असे सांगितले. उद्घाटन, निवडणूक आणि धर्म अशा तुमच्या वर्गवारीला मात्र त्या सवलतीचा आधार मिळण्याजोगा नाही.

आपल्या राज्याचा इतिहासही समितीपुढे ठेवावा. बर्लिंग्टन काउंटीतील विलिंगबरो टाऊनशिपने गोऱ्या रहिवाशांचे स्थलांतर थोपवण्यासाठी घरांसमोरच्या ‘विकणे आहे’ अशा पाट्यांवर बंदी घातली होती. हेतू वांशिक सलोख्याचा असूनही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये ती बंदी रद्द केली. त्याहून गमतीचे उदाहरण लॉरेन्स टाऊनशिपचे आहे. तेथे एका कामगार संघटनेने निदर्शनासाठी हवा भरलेला दहा फुटी उंदीर रस्त्याकडेला उभा केला. टाऊनशिपच्या ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे स्थानिक कायद्यात, हवेने फुगवलेल्या फलकांना बंदी होती, फक्त दुकानाच्या उद्घाटनासाठी सूट होती. म्हणजे उद्घाटनाचा फुगा चालतो आणि निषेधाचा उंदीर चालत नाही! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरवला.

डिजिटल फलकाबाबत फ्रँकलिन टाऊनशिपचा 2016 चा निकाल सल्लागाराकडून अवश्य वाचून घ्या. त्या टाऊनशिपने आंतरराज्य महामार्ग 287 लगत साध्या जाहिरात फलकांना परवानगी दिली आणि डिजिटल फलकांना सरसकट मनाई केली. वाहतुकीची सुरक्षितता आणि परिसराचे सौंदर्य ही कारणे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला तत्त्वतः मान्य होती. पण साधा फलक चालतो आणि डिजिटल का चालत नाही, याला पुष्टी देणारे काहीही टाऊनशिपच्या दप्तरात नव्हते, म्हणून मनाई टिकली नाही. तेव्हा बंदी घालायची असो वा अटी, ज्या बैठकीत निर्णय होईल तिच्या इतिवृत्तात अभ्यास, छायाचित्रे, वाहतूक अभियंत्याचे मत हे सारे जोडलेले असावे. मंडळे या कंटाळवाण्या कामाकडे दुर्लक्ष करतात आणि खटला तेथेच हरतात.

जुन्या पाट्यांविषयी उत्तर सरळ आहे. न्यू जर्सीच्या म्युनिसिपल लँड यूज लॉमधील (जमीनवापराच्या राज्य कायद्यातील) कलम 68 नुसार, ऑर्डिनन्स मंजूर होण्यापूर्वी कायदेशीर असलेला वापर किंवा बांधकाम पुढे चालू ठेवता येते. काही राज्यांत ठराविक वर्षांची मुदत देऊन जुने फलक उतरवून घेतात. येथे त्या मार्गाला जाऊ नये. मालकाने पाटीचा सांगाडाच बदलायला घेतला की नवा नियम लागू करावा, एवढे पुरेसे आहे. विनापरवाना लावलेल्या पाटीला हे संरक्षण नाही, त्यामुळे परवान्यांचे जुने दप्तर आधी तपासून घ्या.

निऑनवाला

कायद्याचे तळटीप यांनी सांगितले. मी पाट्या बनवण्याच्या धंद्यातला आहे, म्हणून मोजमापाचे सांगतो.

नियमावलीत पाटीचे क्षेत्रफळ बहुतेक वेळा अक्षरांभोवती एकच आयत कल्पून मोजतात. रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांना ही रीत सोयीची आहे, कारण ती सगळी एका उंचीची असतात. देवनागरीत वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार; तेलुगूत आणि गुजरातीतही अक्षरांच्या वर-खाली बरेच काही असते. मूळ अक्षर तेवढ्याच उंचीचे ठेवले तरी आयत उंच होतो आणि मंजूर क्षेत्रफळ आधीच संपते. त्यात दुकानदाराला दोन लिप्यांत नाव लिहायचे असेल, तर दोन्ही ओळी इतक्या बारीक कराव्या लागतात की रस्त्यावरून एकही वाचता येत नाही. आमच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा आहे की, दर दहा फूट अंतरासाठी अक्षराची उंची एक इंच धरली तर ते सहज वाचता येते. मॉल रस्त्यापासून दीडशे फूट आत असेल, तर पंधरा इंचांचे अक्षर हवे. तेव्हा एका आयताऐवजी प्रत्येक ओळीचा स्वतंत्र आयत मोजण्याची मुभा द्या आणि पाटीची कमाल मर्यादा दुकानाच्या दर्शनी रुंदीच्या प्रमाणात ठेवा. भाषेचे नावही न घेता हा प्रश्न बराचसा सुटतो.

झेंड्यांचा रागही समजून घ्यायला हवा. पुढे भलेमोठे पार्किंग, त्यापुढे झाडांची रांग आणि मागे दुकान, अशी रचना टाऊनशिपच्याच नियमांनी घडवली आहे. मॉलच्या तोंडाशी सगळ्या दुकानांची नावे असलेला एकत्रित फलक असतो, त्यावर नव्या भाडेकरूला जागा मिळत नाही, आणि मग तो हिरवळीत झेंडा रोवतो. त्या एकत्रित फलकावर प्रत्येक गाळ्याला पट्टी देण्याचे बंधन मालकावर घातले, तर झेंडे निम्मे कमी होतील असे माझे मत आहे. नुसता दंड लावला तर झेंडा शुक्रवारी संध्याकाळी उगवतो आणि सोमवारी सकाळी मावळतो, कारण नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या झोनिंग ऑफिसरला शनिवार-रविवारी सुट्टी असते.

उजेडाबाबत ‘डोळ्यांना त्रास होईल असा प्रकाश नसावा’ अशी वाक्ये लिहू नयेत. मोजता येईल तेच लिहावे. अनेक ठिकाणी डिजिटल फलकासाठी सभोवतालच्या प्रकाशात 0.3 फूट-कँडलहून (फूट-कँडल हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक भर पडू नये, अंधार पडताच फलक आपोआप मंद व्हावा आणि एक मजकूर किमान आठ सेकंद स्थिर राहावा, अशा अटी असतात. फूट-कँडल मोजण्याचे मीटर स्वस्त आहे, अधिकारी ते खिशात ठेवू शकतो. आतून उजळणाऱ्या पेटीपेक्षा सुट्या अक्षरांची पाटी बरी, कारण पेटीत सबंध पांढरी पार्श्वभूमी पेटते आणि सुट्या अक्षरांत फक्त नाव उजळते. ही पाटी महाग पडते, हे मात्र लहान दुकानदाराच्या बाजूने सांगितले पाहिजे.

येऊरकर

ठाण्यातून लिहितो आहे. शेवंतीताईंच्या भाषेच्या प्रश्नावरून आपल्याकडचा कायदा आठवला. महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात 2022 मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून, किती कामगार आहेत याचा विचार न करता, प्रत्येक दुकानाच्या पाटीवर देवनागरीतील मराठी नाव सुरुवातीला आणि इतर लिपीतील अक्षरांहून लहान नसलेल्या अक्षरांत असणे बंधनकारक आहे. व्यापारी संघटना याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. तेव्हा सरकार पाटीची भाषा ठरवू शकते, हे आम्ही येथे गृहीतच धरतो. तुमच्याकडे ते चालत नाही काय?

दुसरी सूचना सुरक्षिततेची आहे. 13 मे 2024 रोजी घाटकोपरच्या छेडानगर येथे वादळी वाऱ्यात 120 फूट लांब आणि तितकाच उंच फलक पेट्रोल पंपावर कोसळून 17 माणसे दगावली. महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 फुटांची होती. तुमच्या पाट्या त्या मानाने लहान आहेत, तरीही खांबावरच्या फलकासाठी अभियंत्याचे प्रमाणपत्र आणि ठराविक काळाने फेरतपासणी ही अट ठेवावी. नियमात मर्यादा लिहिलेली असणे आणि कोणीतरी जाऊन फलक मोजणे, यांत काय अंतर असते ते आम्ही पाहिले आहे.

तळटीप

येऊरकर, होय, येथे ते चालणे कठीण आहे. कॅलिफोर्नियातील पोमोना शहराने, परकीय लिपीतील पाटीचा किमान अर्धा भाग इंग्रजी अक्षरांना द्यावा, असा नियम केला होता. म्हणजे समितीतल्या त्या सदस्याच्या सूचनेसारखाच. तेथेही कारण आणीबाणीच्या वेळी दुकान सापडण्याचेच होते. 1989 मध्ये तेथील संघीय जिल्हा न्यायालयाने तो रद्द केला. पाटीची भाषा ही व्यावसायिकाच्या सांस्कृतिक अभिव्यक्तीचा भाग आहे आणि असा नियम समान संरक्षणाच्या तत्त्वालाही बाधा आणतो, असे न्यायालयाचे मत पडले. हा निकाल न्यू जर्सीवर बंधनकारक नाही, परंतु त्यातील तर्क टाऊनशिपच्या वकिलांना नजरेआड करता येणार नाही.

शेवंतीताई, बैठकीत मुद्दा असा मांडता येईल: अग्निशमन दल दुकानाच्या नावावरून नव्हे, तर रस्ता आणि क्रमांकावरून येते. म्हणून प्रत्येक गाळ्याच्या दर्शनी बाजूला, आणि मागच्या दारावरही, ठळक आकड्यांत क्रमांक असावा अशी अट घालावी, व तो क्रमांक पाटीच्या क्षेत्रफळात मोजू नये. सदस्याची चिंता खरी असेल तर तिचे पूर्ण निरसन यातून होते. आणि यानंतरही अर्ध्या इंग्रजीचा आग्रह राहिला, तर त्यांना वेगळे कारण द्यावे लागेल.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. मागच्या दारावरच्या क्रमांकाची कल्पना अग्निशमन दलाच्या प्रतिनिधींना दाखवली आणि त्यांना ती आवडली. ओळीनिहाय मोजणीची सूचना सल्लागाराला पाठवली आहे.

एक शंका उरते. तात्पुरत्या फलकांची वर्गवारी काढली, तर दिवाळीच्या सुमारास मिठाईवाल्याचा आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत उमेदवारांचा असे सगळे फलक एकाच मुदतीत बसवायचे कसे?

तळटीप

मजकुराऐवजी जागा आणि काळ मोजा. प्रत्येक व्यावसायिक भूखंडाला एका वर्षात एकूण इतके दिवस, एका वेळी इतके चौरस फूट, रस्त्याच्या हद्दीपासून इतक्या अंतरावर, अशी तरतूद करावी. ते दिवस दिवाळीला वापरायचे की उद्घाटनाला, हे दुकानदार ठरवील. मॉल हा एकच भूखंड असतो, तेव्हा तेथे हे दिवस गाळेनिहाय मोजा, नाहीतर पहिल्या महिन्यातच भाडेकरूंत भांडणे लागतील. निवडणुकीच्या आधीच्या काही आठवड्यांत प्रत्येक भूखंडाला काही जादा फलकांची मुभा द्या, मात्र त्यांवर काय लिहावे हे सांगू नका. याच्या जोडीला एक वाक्य न चुकता घाला: ज्या जागी व्यावसायिक फलकाला परवानगी आहे, तेथे त्याऐवजी कोणताही अव्यावसायिक मजकूर लावता येईल. या एका वाक्याने पुष्कळ खटले टळतात.

आणि वेळापत्रकाचे भान ठेवा. गव्हर्निंग बॉडीने (टाऊनशिपच्या निवडून आलेल्या मंडळाने) पहिले वाचन केल्यावर मसुदा प्लॅनिंग बोर्डाकडे, म्हणजे नियोजन मंडळाकडे, जातो. मास्टर प्लॅनशी (टाऊनशिपच्या विकास आराखड्याशी) तो सुसंगत आहे का, हे कळवण्यासाठी बोर्डाला 35 दिवस असतात. त्यानंतर जाहीर सुनावणी आणि दुसरे वाचन. दुकानदारांना सुनावणीपूर्वीच मसुदा दाखवा, आणि शक्य झाल्यास गुजराती व तेलुगूतून त्याचा गोषवारा द्या.