मदत हवी आहे: सेटर काका निवृत्त होताहेत, त्यांच्या डोक्यातलं कसं उतरवून घ्यायचं?

चाकण_शॉपफ्लोअर
आमचे सर्वात जुने सेटर (मशीन लावून देणारे) काका मार्चअखेर निवृत्त होताहेत. रोज तासभर बसवून एसओपी (कामाच्या ठरलेल्या पायऱ्या) लिहून घेतोय, व्हिडिओही काढले. पोरांना उपयोग शून्य. काका म्हणतात, "पार्ट हातात घेतला की कळतं." झटपट होईल असं काही सांगा.

भोसरीकर
कसले सेटर? सीएनसी, प्रेस, डायकास्टिंग? पोरं आयटीआयची की नुसती अप्रेंटिस? अडतात कुठे?

चाकण_शॉपफ्लोअर
इंजेक्शन मोल्डिंग, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरून पार्ट काढणं. आयटीआयची आहेत, मोल्ड (साचा) नीट चढवतात. पार्टला दोष आला की दिसेल ते पॅरामीटर (दाब, तापमान, वेळ) फिरवत बसतात.

तक्तेवाला
दोष-कारण-उपाय असा तक्ता मशीनला लावा. चंदेरी रेघा म्हणजे दाण्यात ओलावा, एबीएस (एक प्लास्टिक) ८० अंशांवर ३-४ तास वाळवा. सिंक मार्क (पृष्ठभागावरचा खड्डा) म्हणजे होल्डिंग (भरल्यावर धरून ठेवायचा दाब) कमी. पार्टचा शेवटी भरणारा भाग काळा पडला तर हवा अडकतेय, व्हेंट (साच्यातून हवा जायची फट) साफ करा. विषय संपला.

टूलरूम
नाही संपला. फ्लॅशच घ्या, म्हणजे पार्टच्या कडेला बाहेर आलेलं पातळ प्लास्टिक. क्लॅम्प (साचा बंद धरणारा जोर) कमी, मेल्ट (वितळलेलं प्लास्टिक) जास्त गरम, होल्डिंगवर उशिरा स्विच, झिजलेली पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग मिळतात ती रेघ). तक्ता चारही कारणं सांगतो, त्यातलं आजचं कुठलं ते सांगत नाही. पार्टिंग लाइन पुसूनही फ्लॅश एकाच कोपऱ्यात येत असेल तर जाणता सेटर पॅरामीटरला हातच लावत नाही, मोल्ड उतरवायला सांगतो. पोरांना हवंय ते हे.

निवृत्तीनंतर
काकांना वर्षभर कंत्राटावर ठेवा ना. ग्रॅच्युइटीचे कागद मात्र आधी पूर्ण करा.

शिकवणारी
"तुम्ही कसं करता" हा प्रश्नच बंद करा, त्याला उत्तर म्हणून एसओपीच मिळते. एक घडलेला बिघाड धरा. गॅरी क्लाइन यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या अग्निशमन अधिकाऱ्यांचे निर्णय अभ्यासले, त्या कामातून आलेली मुलाखतीची पद्धत इथे चपखल बसते. एकाच घटनेवरून चार फेऱ्या मारायच्या. आधी काका सगळं सांगतील, मध्ये तोंड घालू नका. मग घटनाक्रम कागदावर मांडा, निर्णय कुठे कुठे घेतला तिथे खूण करा. तिसऱ्या फेरीत प्रत्येक खुणेवर थांबा: काय दिसलं, काय ऐकू आलं, काय दिसायला हवं होतं पण दिसलं नाही, कुठला उपाय मनात येऊन सोडला आणि का. चौथ्यात, "इथे नवा पोरगा असता तर काय चुकला असता?"
त्यावरून कार्ड करा. उदा. एबीएसचं कव्हर, दोन तास माल चांगला, मग अधूनमधून शॉर्ट शॉट (अर्धवट भरलेला पार्ट). कुशन (भरून झाल्यावर स्क्रूपुढे उरलेलं प्लास्टिक) ५ मिमीवरून १ वर, पुन्हा ४ वर. आधी काय कराल: इंजेक्शन प्रेशर वाढवणं, शॉट साइज (एका वेळी भरायचं प्लास्टिक) वाढवणं, चेक रिंग (स्क्रूच्या टोकाची, प्लास्टिक मागे जाऊ न देणारी रिंग) तपासणं, की बॅरल (स्क्रूभोवतीची तापती नळी) तापवणं? पोरांनी क्रम लावायचा आणि कारण लिहायचं, त्यानंतरच काकांचा क्रम आणि कारणं दाखवायची. आधी दाखवलं तर सगळे "हो, हेच म्हणणार होतो" म्हणतात आणि शिकत काहीच नाहीत.

टूलरूम
चेक रिंगसाठी स्क्रू काढावा लागतो, अर्धी शिफ्ट जाते. आधी डोसिंगची (पुढच्या शॉटचं प्लास्टिक स्क्रूने ओढून घ्यायची) वेळ बघा. हॉपरच्या (दाणे ओतायच्या टाकीच्या) घशात दाणे अडकले तरी कुशन डळमळतं. वेळ स्थिर असेल तरच रिंगवर संशय.

शिकवणारी
बरोबर, पाचवा पर्याय म्हणून घालाच. नेमका हाच विचार कार्डावर यायला हवा.

भोसरीकर
कार्डं मराठीत की हिंदीत? हल्ली निम्मी पोरं बिहार-ओडिशाची असतात.

तक्तेवाला
चित्रं काढा, भाषा लागतच नाही.

शिकवणारी
कारण चित्रात येत नाही. पर्याय हिंदीत छापा, कारण ज्याला जमेल त्या भाषेत लिहू द्या. आणि बिघडलेले पार्ट ग्राइंडरला टाकू नका. पिशवीत भरून मशीन, तारीख, तेव्हाचं मेल्ट तापमान, होल्डिंग आणि कुशन लिहा. हातात पार्ट आला की काका आपोआप बोलू लागतील. साहेब समोर नकोत. विचारायला एखादा चौकस ट्रेनी बसवा, त्याला "हे तर उघड आहे" म्हणून टाळता येत नाही.

चाकण_शॉपफ्लोअर
रिजेक्ट रोज संध्याकाळी ग्राइंडरला जातात, उद्यापासून थांबवतो. पण काकांचंच उत्तर चुकीचं असेल तर?

टूलरूम
दुसऱ्या शिफ्टच्या सेटरला तेच कार्ड द्या, काकांचं उत्तर न दाखवता. क्रम वेगळा आला तर दोघांची कारणं मागच्या बाजूला छापा. वाद मोल्डमुळे असेल तर कार्डावर मोल्ड नंबर टाका. दोघांच्या मशीनचं टनेज (साचा बंद धरण्याची ताकद) वेगळं असेल तर तेही.