मदत हवी आहे: नोकोडॅझोल देऊनही विषाणू केंद्रकात पोचतोच कसा?

खडूफळा
तिसऱ्यांदा तोच निकाल. नोकोडॅझोल हे औषध दिलं, मायक्रोट्यूब्यूल (पेशीतले वाहतुकीचे प्रथिन-धागे) मोडल्या, तरी संसर्ग कंट्रोलइतकाच, म्हणजे औषध न दिलेल्या पेशींइतकाच. त्या धाग्यांवरून माल केंद्रकाकडे ओढणाऱ्या डायनीन या मोटर-प्रथिनाला चालायला वाटच उरली नाही, मग विषाणू केंद्रकापर्यंत जातो कशावरून? गुरुवारी गटासमोर मांडायचंय. कृपया लवकर सांगा, आणि "पुन्हा करून बघ" नको.

पेशीवेडा
कोणता विषाणू? कोणत्या पेशी? औषध किती दिलं, कधी काढलं? संसर्ग मोजला कसा? यातलं काहीच लिहिलं नाहीत. विषाणूगणिक उत्तर बदलतं.

निळाई
नोकोडॅझोलचा नाद सोडा. मी सिलिओब्रेव्हिन वापरते. मायक्रोट्यूब्यूल जागच्या जागी राहतात, थांबतं ते फक्त डायनीन. उत्तर सरळ मिळतं.

पेशीवेडा
सरळ कसं? डायनीन थांबलं की एंडोसोम, गॉल्जी ही पेशीतली मालाची ने-आण करणारी अंगकं सगळीच विस्कटतात. मग विषाणू अडला की मुळात पेशीचंच बिनसलं, हे कसं ओळखणार?

निळाई
नोकोडॅझोल दिल्यावर तरी गॉल्जी जागेवर राहते का?

पेशीवेडा
नाही राहत, मान्य. म्हणून तर म्हणतोय, औषध बदलण्याआधी हातातल्या औषधाने काम केलं का ते बघा.

अनंतमूळ
कोरोनाचं स्पाइक प्रथिन पेशीवरच्या एसीई-२ ला चिकटतं, मग दोन्हींची पटलं एक होतात आणि आरएनए आत सुटतो. तुमचं उत्तर यात मिळेल.

खडूफळा
अहो, शिरण्याचा प्रश्नच नाही, शिरल्यानंतरचा आहे. शिवाय कोरोनाच्या प्रती पेशीद्रवातच तयार होतात, त्यासाठी केंद्रकात जावं लागत नाही. माझा हर्पिस सिम्प्लेक्स १ आहे, व्हेरो पेशींत (माकडाच्या मूत्रपिंडाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या). मला वाटलं डायनीन म्हटल्यावर लक्षात येईल. एका पेशीमागे १० विषाणू, आणि २४ तासांनी संसर्ग झाल्यामुळे हिरव्या चमकणाऱ्या पेशी मोजल्या.

पेशीवेडा
२४ तास फार झाले. हर्पिसचं कॅप्सिड, म्हणजे डीएनएभोवतीचं प्रथिनांचं कवच, सव्वाशे नॅनोमीटरचं. पेशीद्रव प्रथिनांनी गच्च भरलेला, त्यातून एवढा मोठा कण आपसूक सरकायचा म्हणजे रेंगाळणारच. पण व्हेरो पेशीत कडेपासून केंद्रकापर्यंत अंतर किती? दहा-वीस मायक्रोमीटर. पेशीमागे १० विषाणू टाकल्यावर त्यातला एखादा रेंगाळत का होईना पोचतो. केंद्रकछिद्राला टेकून डीएनए आत सोडला की झालं, दिवसभराने ती पेशीही बाकीच्यांसारखीच हिरवी. उशीर झाला होता हे तुम्हाला कळणारच नाही. चेतापेशीत मात्र असं भागत नाही. ओठापासून ट्रायजेमिनल गँग्लियॉनपर्यंतचा (चेहऱ्याच्या नसेची गाठ) अ‍ॅक्झॉन म्हणजे चेतापेशीचा लांब तंतू काही सेंटिमीटरचा असतो, तिथे डायनीनला पर्याय नाही.
औषधाचं प्रमाण अजून सांगितलं नाहीत.

मनमोकळी
अवांतर आहे, माफ करा. पुतण्याला काल मांजर चावलं, रक्त फारसं आलं नाही. रेबीजही असाच नसांमधून वर जातो ना? किती दिवस असतात हातात?

निळाई
हो, तोही अ‍ॅक्झॉनमधून डायनीनच्या जोरावरच वर सरकतो. पण दिवस मोजत बसू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि आत्ताच डॉक्टरांकडे न्या. लशीचा उपयोग विषाणू मेंदूत पोचायच्या आधीच होतो. लक्षणं दिसल्यावर जवळपास काहीच करता येत नाही. रक्त कमी आलं म्हणून थांबू नका.

खडूफळा
प्रमाण १०० नॅनोग्रॅम प्रति मिली. आमच्याकडे पेशीचक्र थांबवायला वापरतात तेच. विषाणू तासभर ठेवून धुताना औषधही धुतलं. पेशी गोल झालेल्या दिसल्या होत्या, म्हणजे मोडल्याच ना?

पेशीवेडा
नाही! गोल झाल्या त्या विभाजनात अडकलेल्या पेशी. एवढ्याशा औषधाने स्पिंडल (विभाजनात गुणसूत्रं ओढणारी मायक्रोट्यूब्यूलची रचना) बिघडतो, पण बाकीच्या पेशींतलं जाळं बरंचसं टिकून राहतं. १० मायक्रोमोलर घ्या, म्हणजे मिलीमागे साधारण ३ मायक्रोग्रॅम. तुमच्या तीसपट. काही मायक्रोट्यूब्यूल त्यालाही दाद देत नाहीत, त्यासाठी प्लेट आधी अर्धा तास बर्फावर ठेवा. आणि औषध मध्येच धुवू नका, धुतल्यावर काही मिनिटांत जाळं परत उभं राहतं. संसर्गाआधी एका कव्हरस्लिपवर (पेशी वाढवलेली पातळ काच) ट्यूब्युलिन, म्हणजे मायक्रोट्यूब्यूल ज्याच्या बनतात ते प्रथिन, रंगवून बघाच.

निळाई
इथे पेशीवेडाशी सहमत. सिलिओब्रेव्हिन नंतर.

मनमोकळी
नेलं. पहिला डोस दिला, बाकीच्या तारखा लिहून दिल्यात. निळाई, मनापासून आभार.

खडूफळा
रात्री ट्यूब्युलिन रंगवलं. जुन्या प्रमाणात गोल पेशी सोडल्या तर सगळीकडे जाळं शाबूत, केंद्रकाशेजारून कडेपर्यंत धागे स्पष्ट पसरलेले. तीन आठवडे मी न मोडलेल्या मायक्रोट्यूब्यूलवर प्रयोग करत होतो. बर्फ आणि १० मायक्रोमोलरच्या कव्हरस्लिपवर एकही धागा नाही, पेशीभर नुसती धूसर झाक. आता ३ तासांवर थांबवून व्हीपी-५ या कॅप्सिडच्या प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने कॅप्सिड बघतो.

निळाई
एक कव्हरस्लिप जास्तीची ठेवा. तिच्यावर ३ तासांनी औषध धुवा आणि तासाभराने बघा. कडेला अडकलेली कॅप्सिड तेव्हा केंद्रकाभोवती गोळा झाली, तर गुरुवारी तेच चित्र आधी दाखवा.