जपानी ऐतिहासिक कादंबऱ्या: नावाचा अर्थ बघायचा की नावामागचा धनी?

चांदणवेल
सामुराईंच्या कादंबऱ्यांवर बोलताना लोक आधी नावाचा अर्थ शोधतात आणि त्यावरून स्वभाव ठरवून मोकळे होतात. जेम्स क्लॅव्हेलच्या 'शोगुन' कादंबरीतला सरदार तोरानागा घ्या. 'तोरा' म्हणजे वाघ, म्हणून हा शूर. मला हे अजिबात पटत नाही. त्या काळी सामुराईच्या नावावरून तो कुणाच्या पदरी आहे हे कळायचं. तोरानागा ज्याच्यावर बेतलाय त्या तोकुगावा इएयासूचं, पुढे जपानचा शोगुन म्हणजे लष्करी सत्ताधीश झालेल्या माणसाचं, लहानपणीचं नाव ताकेचियो. इमागावा योशिमोतो या बड्या सरदाराकडे ओलीस असताना धन्याच्या नावातलं 'मोतो' मिळालं, म्हणून आधी मोतोनोबू, मग मोतोयासू. 1560 मध्ये ओकेहाझामाच्या लढाईत योशिमोतो पडला आणि 1563 मध्ये यानं ते 'मोतो' टाकून इएयासू हे नाव घेतलं. सगळं राजकारण त्या एका अक्षरात आहे! थोरला मुलगा नोबुयासू: 'नोबु' इएयासूचा बलाढ्य दोस्त ओदा नोबुनागाचं, 'यासू' बापाचं. 1579 मध्ये बापाच्याच हुकमानं त्याला पोट चिरून मरावं लागलं. लेखकानं हे सोडून नुसतं भारदस्त अर्थाचं नाव का शोधावं?

दर्यावर्दी
कादंबरी म्हणजे वंशावळ नव्हे. शिवाय अर्थाचं महत्त्व त्या लोकांनाही होतंच. 1614 साली क्योतोच्या होकोजी मंदिरासाठी इएयासूच्या प्रतिस्पर्धी तोयोतोमी घराण्यानं घंटा ओतवली. तिच्यावरच्या लेखात देशाच्या शांतीची कामना करणारी चार अक्षरं होती: 'कोक्का आन्को'. उच्चार वेगळा असला तरी लिहिताना त्यात 'इए' आणि 'यासू' यांचीच चिन्हं येतात, मधे एक वेगळं चिन्ह. इएयासूचं नाव मुद्दाम तोडलं, असा तोकुगावांनी कांगावा केला आणि त्याच हिवाळ्यात तोयोतोमींच्या ओसाकाच्या किल्ल्याला वेढा पडला.

चांदणवेल
मग हे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं. लेखाचा अर्थ मंगलच होता. भांडण पेटलं ते अक्षरं इएयासूची होती म्हणून.

रानजाई
बायकांच्या नावांचं कुणी बोलतच नाहीये. 'शोगुन'मधली मारिको जिच्यावरून घेतली ती अकेची मित्सुहिदेची लेक तामा, ख्रिस्ती झाल्यावर ग्रासिया. 1582 मध्ये बाप आपल्या धन्यावर, नोबुनागावर उलटला आणि फितुराची मुलगी हा शिक्का तिला जन्मभर पुरला. सामुराई घरांत तेव्हा चाचा, हात्सू, नेने अशी छोटी नावं असत. नावाच्या शेवटी 'को' लावायची रीत मुख्यतः दरबारी उमरावांची. मारिको हे नाव मला विसाव्या शतकातलं वाटतं, आणि ते दर पानाला खटकतं.

दर्यावर्दी
मला नाही खटकत. मारिको वाचताना मारिया हे ख्रिस्ती नाव आठवतं, मारिकोची श्रद्धा आपसूक मनात राहते. परक्या वाचकासाठी लेखकानं एवढी मोकळीक घ्यायलाच हवी. इएयासूला चार नावांनी हाक मारायला लागलात तर निम्मे वाचक दुसऱ्या प्रकरणातच पुस्तक मिटतील.

रानजाई
का मिटतील? धनी मेल्यावर नाव टाकून देणारा माणूस हा स्वतःच एक प्रसंग आहे. तो नीट रंगवा, वाचक चारही नावं लक्षात ठेवतील.